नाडीची वही



आजच्या या व्याख्यानाचं सांगायला काकू, म्हणजे आम्हाला धावायला शिकवणाऱ्या सरांच्या पत्नी, स्वतः माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक वही होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कडा हाताळून मऊ झालेली. "कपाट आवरताना सापडली. तुझ्याकडे असू दे," एवढंच म्हणाल्या. ती वही आज मी बरोबर आणली आहे. स्पोर्ट्स वॉच आणि रक्ताच्या तपासण्या यांवर बोलायचं कबूल केल्यावर मी पुष्कळ वाचलं, टिपणं काढली. पण विषय कुठून धरायचा ते या वहीनं सांगितलं.

वहीत आमची नावं आहेत. प्रत्येक नावापुढे रकाने आखलेत: नाडी, झोप, भूक, कालचा सराव. सरांनी आम्हाला शिकवलं होतं की सकाळी जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि ठोके मोजायचे. ज्यांच्या घरी घड्याळ नव्हतं, ते मैदानावर आले की दहा मिनिटं पोत्यावर स्वस्थ पडायचे. मग सर हातातल्या चावीच्या घड्याळाकडे बघून "चालू" म्हणायचे, तीस सेकंदांनी "थांबा" म्हणायचे, आणि आलेला आकडा दुप्पट करून लिहायचे. मुलींच्या नावांपुढे मधूनमधून लाल ठिपका आहे. तो काकूंच्या हातचा. मुली सरांना जे सांगू शकत नसत ते काकूंना सांगत, आणि त्या महिन्याच्या महिन्याला मुकाट्यानं तो ठिपका देत. हे सगळं १९८५-८६ सालचं आहे.

आणि काही आकड्यांभोवती सरांनी वर्तुळ काढून शेजारी एकच शब्द लिहिला आहे: 'विचारणे'.

या शब्दाकडे मी गेले तीन आठवडे बघते आहे. आज बाजारात जी साधनं मिळतात ती सरांच्या वहीपेक्षा हजारपटींनी जास्त आकडे गोळा करतात. त्यांत तो शेवटचा शब्द मात्र कुठंच नाही. आकडा जमला म्हणजे काम संपलं असं धरून आपण चाललो आहोत, आणि त्याची किंमत आपली धावणारी मुलं, त्यातही मुली, मोजत आहेत. मला आज मुख्यतः हे सांगायचं आहे.

माझ्याच नावाचं एक पान वाचून दाखवते. जून महिन्यात माझी सकाळची नाडी ५८ आहे. जुलैच्या मध्यावर ६२. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ६८, नंतर ७२. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आठशे आणि पंधराशे मीटर धावत होते, आणि त्या दीड महिन्यात माझं टायमिंग सतत घसरत होतं. दुसऱ्या फेरीत पाय शिसं भरल्यासारखे व्हायचे, जिना चढताना दम लागायचा. घरचे म्हणाले, अभ्यासाचा ताण. शाळेत कुणीतरी म्हणालं की हिचं लक्ष उडालंय, दहावी झाली की मुलींचं असंच होतं. मलाही ते पटलं होतं. मी स्वतःला आळशी समजून आणखी जोरात पळायचा प्रयत्न करत होते. सरांनी मात्र ७२ भोवती वर्तुळ काढलं, 'विचारणे' लिहिलं, आणि खरोखरच विचारलं. काय खातेस? भाकरीबरोबर काय? चहा किती वेळा? मग काकूंनी त्यांचं विचारलं. पाळी किती दिवस जाते, किती कपडे लागतात. संध्याकाळी सरांनी सायकलवर डबलसीट घेऊन मला गावातल्या लॅबमध्ये नेलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं.

आज मी डॉक्टर आहे, खेळाडूंवरच उपचार करते. त्यामुळे आता कळतं की त्या दोन माणसांनी, दोन बोटांनी मोजलेल्या आकड्यावरून, निदानाचा केवढा मोठा रस्ता चालून दाखवला होता. हृदय मिनिटाला चौदा ठोके जास्त का मारतंय? कारण प्रत्येक ठोक्याबरोबर जाणारं रक्त आधीपेक्षा कमी प्राणवायू नेतंय. नाडीनं इशारा दिला, प्रश्नांनी दिशा दिली, रक्तानं पुरावा दिला. हा क्रम मी अजून बदललेला नाही.

आता घड्याळाकडे येते. नाडी यंत्रानं मोजायची धडपड जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सांतोरिओ नावाच्या वैद्यानं दोरीला लंबक बांधला आणि लंबकाचा झोका रुग्णाच्या नाडीशी जुळेपर्यंत दोरी लहानमोठी केली. दोरीची लांबी हेच त्याचं माप. खेळाडूच्या अंगावर बसेल असं यंत्र यायला मात्र जवळजवळ पावणेचारशे वर्षं गेली. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकंगस यांना स्कीच्या ट्रॅकवर एका प्रशिक्षकाशी बोलताना ही कल्पना सुचली. १९७७ मध्ये त्यांनी पोलर ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीला पट्टा नि मनगटाला घड्याळ असं बिनतारी यंत्र बाजारात आणलं. म्हणजे सर इथं पोत्यावर झोपवून आमची नाडी मोजत होते, तेव्हा ते यंत्र जगात आलेलं होतं. आमच्यापर्यंत पोचायला त्याला आणखी पंचवीस वर्षं लागली.

छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत्-संदेश टिपतो, ईसीजीसारखा. मनगटावरचं घड्याळ वेगळ्या रीतीनं चालतं. त्याच्या पोटाशी जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो त्वचेत उजेड सोडतो; रक्त हिरवा उजेड शोषून घेतं; ठोक्यागणिक त्वचेतल्या रक्तवाहिन्यांत रक्त वाढलं की परत येणारा उजेड कमी होतो, आणि या कमीजास्तीवरून घड्याळ ठोके ओळखतं. युक्ती सुंदर आहे. पण हात हलतो, पट्टा सैल असतो, थंडीत त्वचेतलं रक्त आत ओढलं जातं, एखाद्याच्या मनगटावर गर्द गोंदण असतं; अशा वेळी उजेडाचं गणित बिघडतं. धावणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. आपली पावलं मिनिटाला १७०-१८० पडतात, हातही त्याच तालात हलतो, आणि घड्याळ कधीकधी नाडी सोडून पावलांचा ताल धरून बसतं. सावकाश पळणाऱ्या पोराची नाडी १७५ दाखवते. आईबाप घाबरून माझ्याकडे येतात. मी त्यांना बसवते आणि मुलाच्या गळ्याशी माझी दोन बोटं ठेवते.

दुसरी चूक घड्याळाची नाही, ती आपण त्यात भरलेल्या सूत्राची आहे. २२० मधून वय वजा करा, ती तुमची कमाल नाडी: हे गणित जगभरच्या व्यायामशाळांच्या भिंतीवर लावलेलं असतं. १९७१ च्या सुमारास फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांनी आधीच्या अभ्यासांतल्या आकड्यांमधून नजरेनं एक रेघ ओढली, तिथून ते आलं. प्रत्यक्षात एकाच वयाच्या माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सामान्य आहे आणि त्याहून मोठाही आढळतो. वीस वर्षांच्या मुलीची कमाल नाडी २०० समजून तिचे 'झोन' आखले, आणि तिची खरी कमाल १८६ असली, तर तिचा 'हलका' सराव हलका राहतच नाही. महिनोन्महिने ती रोज थोडी जास्त झिजते. घड्याळात मात्र सगळं हिरवंगार दिसत असतं.

मग घड्याळ टाकून द्यायचं का? मुळीच नाही. ते ज्यात खरोखर चांगलं आहे त्यासाठी ते वापरावं. विश्रांतीतली नाडी, रोज एकाच वेळी, एकाच स्थितीत मोजलेली; हे काम ते सरांच्या बोटांपेक्षा नेमकं करतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार. निरोगी, विसावलेल्या माणसाचं हृदय घड्याळाच्या टिकटिकीसारखं एकसारखं चालत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. शरीर ताणाखाली असलं की हा झोका आखडतो. ही फार बोलकी खूण आहे, फक्त ती एका दिवसावरून वाचायची नसते. रात्री उशिरा जेवण झालं, लग्नात नाचणं झालं, परीक्षेची धास्ती असली, तरी ती खाली येते. सात दिवसांची सरासरी बघावी, आणि ती त्या खेळाडूच्याच मागच्या महिन्याशी ताडावी. शेजारच्याशी तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. सरांनी ५८ ची तुलना माझ्याच ७२ शी केली होती. माझ्याबरोबर धावणाऱ्या एका मुलीची नाडी मुळातच ७० होती, आणि ती आमच्यात सगळ्यांत वेगवान होती.

झोपेच्या गुणांविषयी थोडंसंच. घड्याळ एकूण किती वेळ झोप झाली ते बऱ्यापैकी सांगतं. गाढ किती, स्वप्नांची किती, हे मेंदूच्या लहरी न मोजता सांगणं अंदाजाचंच काम राहतं. माझ्याकडे एक चौदा वर्षांचा मुलगा आला होता. सकाळी उठल्यावर "झोप झाली का" असं आईनं विचारलं की तो आधी मनगटाकडे बघायचा. ६१ गुण दिसले की त्या दिवशी त्याचे पाय उचलत नसत. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये या अवस्थेला नावही दिलं, ऑर्थोसोम्निया: चांगल्या झोपेच्या आकड्यामागे लागून झोप घालवून बसणं. त्या मुलाला मी एक महिना घड्याळ रात्री कपाटात ठेवायला लावलं. तेवढाच उपचार लागला.

आकडा कसा वापरावा याचा मला सगळ्यांत आवडणारा दाखला नॉर्वेतला आहे. मारिउस बाकेन हा तिथला पाच हजार मीटरचा धावपटू, शिक्षणानं डॉक्टर. त्यानं सराव चालू असताना मधेच थांबून बोटाच्या किंवा कानाच्या पाळीच्या रक्ताचा एक थेंब घेऊन त्यातलं लॅक्टेट मोजायचं, असं हजारो वेळा केलं. स्नायू जोरात काम करू लागले की रक्तात लॅक्टेट वाढतं; एका मर्यादेपर्यंत शरीर ते वापरून टाकतं, त्यापुढे ते साचत जातं. बाकेनच्या ध्यानात आलं की ही मर्यादा न ओलांडता, तिच्या अगदी काठाशी राहून, पुष्कळ सराव करता येतो. एका दिवसात दोनदासुद्धा. पुढे इंगेब्रिग्टसेन बंधूंनी हीच वाट धरली, आणि त्यांच्यातला धाकटा याकोब टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण ३ मिनिटं २८.३२ सेकंदांत जिंकला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना लोक 'विज्ञानानं वेग वाढवला' असं सांगतात. मला तिच्यात दिसतो तो संयम. रक्ताचा थेंब त्या मुलांना "अजून जोरात" असं सांगत नव्हता. तो त्यांना आवरत होता. आकडा मर्यादेपलीकडे गेला की वेग कमी. जगातली सगळ्यांत वेगवान पोरं यंत्राचा उपयोग लगामासारखा करतात, आणि आपण त्याचा चाबूक करतो. आमच्या भागात पहाटे रस्त्यावर पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी शेकडो मुलं दिसतात. रोज सोळाशे मीटर, रोज पूर्ण ताकदीनं, रोज घड्याळाशी भांडण. सहा आठवड्यांनी त्यांची नडगी दुखायला लागते, आणि ती माझ्याकडे येतात तेव्हा हाडाला चीर गेलेली असते.

आता रक्त. इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे आपल्या मुलींच्या कबड्डीच्या संघात, खो-खोच्या संघात, क्रॉसकंट्रीच्या रांगेत, निम्म्या मुली अपुऱ्या रक्तावर खेळत असण्याची शक्यता आहे. सावरपाड्यातून निघून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत, माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मोहीतून रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेली ललिता बाबर: अशा मुली याच मातीतून येतात. त्यांच्यामागून येणाऱ्या किती जणी "हिच्यात दम नाही" या एका वाक्यापाशी थांबल्या, ते कोणत्याच वहीत लिहिलेलं नाही.

रक्तातल्या लोहाचं मी मुलींना असं सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी. फेरिटिन म्हणजे घरातल्या कणगीतलं धान्य. कणगी तळाला लागली तरी काही दिवस ताटात भाकरी येतच राहते. बघणाऱ्याला वाटतं, घर चांगलं चाललंय. हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून ज्या मुलीला "तुझं रक्त उत्तम आहे" असं सांगून परत पाठवतात, तिची कणगी कित्येकदा रिकामी झालेली असते. लोह फक्त रक्ताला लागतं असंही नाही. स्नायूंच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांनाही ते लागतं. म्हणून हिमोग्लोबिन उतरायच्या आधीच तिचे पाय जड होतात. ती खरं सांगत असते. रिपोर्ट अर्धवट असतो.

धावणाऱ्या मुलीचं लोह अनेक वाटांनी जातं. पाळीतून जातं, हे उघड आहे. घामातून थोडं जातं. लांब पल्ल्याच्या धावण्यात आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव होतो. तळपाय कठीण रस्त्यावर आदळताना काही तांबड्या पेशी अक्षरशः फुटतात. आणि एक वाट अशी आहे की जी मला शिकताना कुणी सांगितली नव्हती, कारण तेव्हा ती सापडलीच नव्हती. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं. ते आतड्यातलं लोहाचं दार बंद करतं. जोरदार सरावानंतर साधारण तीन ते सहा तासांनी हे संप्रेरक चढतं. मुलगी सकाळी सराव करते, दुपारी बारा-एकला शाळेतून येऊन जेवते, आणि आई कौतुकानं पालेभाजी वाढते तेव्हा दार नेमकं लोटलेलं असतं. वर जेवणापाठोपाठ चहा. चहातलं टॅनिन उरलंसुरलं लोह बांधून टाकतं. म्हणून मी सांगते: लोहाचं जे काही द्यायचं ते सकाळी सरावानंतर लगेच द्या. अळिवाचा लाडू, त्यावर लिंबूपाणी किंवा आवळा. चहा तासभर लांब. भाजीची कढई लोखंडी असू द्या. नागलीची भाकरी चांगलीच आहे, पण तिच्यातलं सगळं लोह अंगी लागत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. आणि घरात अंडी, मासे, मटण चालत असेल तर ते आधी मुलीच्या ताटात वाढा. हे शेवटचं वाक्य मी बापासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणते.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तराच्या तळाशी सापडते, हे सगळ्या शिक्षिकांना ठाऊक आहे. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून मुली टाळतात. ज्यांचा साठा खरंच रिकामा आहे त्यांना वेगळा, मोठा डोस लागतो, पण तोही रोज दोनदा कोंबण्यात फायदा नाही. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की लोहाची गोळी एक दिवसाआड दिली तर ती जास्त शोषली जाते. कारण तेच, गोळीनंतर चढणारं हेप्सिडिन. एक दिवसाआड गोळी मुलींना सोसते, आणि म्हणून त्या ती घेतात.

तपासणी कधी करायची यालाही महत्त्व आहे. अंगात ताप असताना, किंवा मोठ्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. दाह झाला की ते चढतं. रिकामी कणगी भरल्यासारखी दिसते. उलट, नवा सराव सुरू झाल्यावर शरीर रक्तातलं पाणी वाढवतं, आणि हिमोग्लोबिन उतरल्यासारखं दिसतं. आमटीत पाणी वाढलं म्हणून डाळ कमी झाली असं होत नाही. विसाव्याच्या दिवसानंतर, सकाळी, आजारी नसताना रक्त द्यावं, आणि दर खेपेला शक्यतो त्याच लॅबमध्ये.

आमच्या नाशिक-नंदुरबारच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. इथे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. ज्यांच्यात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष आहे अशी मुलं-मुली निरोगी असतात, उत्तम धावतात. पण कडक उन्हात, पाणी कमी पडलं असताना, जिवाच्या आकांतानं पळवलं तर त्यांच्या पेशींचा आकार बिघडून ती कोसळू शकतात. त्यांना मैदानाबाहेर काढायचं नाही; पाणी, सावली, हळूहळू वाढवलेला सराव, आणि "मला थांबायचंय" म्हटलं की थांबू देणं, एवढ्यावर ती सुरक्षित खेळतात. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, तपासणी सरकारी केंद्रावर होते. प्रत्येक क्रीडा प्रशिक्षकानं आपल्या मुलांचं कार्ड एकदा पाहिलेलं असावं. थॅलेसेमियाचंही तसंच: त्याचा सौम्य वारसा असलेल्या मुलीच्या पेशी लहान दिसतात, हिमोग्लोबिन जरा कमी असतं, आणि कुणीतरी तिला वर्षभर लोह चारत राहतं, जे तिला नकोच असतं.

आणि जास्त तपासण्या म्हणजे जास्त शहाणपण, हाही समज सोडायला हवा. 'खेळाडू पॅकेज' म्हणून साठ-सत्तर चाचण्यांचे कागद घेऊन लोक येतात. एका तरुणाला एकाच आठवड्यात तीन ठिकाणी फिरवलं गेलं, कारण त्याचं एसजीओटी सामान्यच्या चौपट निघालं होतं. कावीळ, यकृताची सूज, दारू पितोस का, सगळं विचारून झालं होतं. काल-परवा काय केलंस, हे कुणी विचारलं नव्हतं. तो आदल्या दिवशी ब्रह्मगिरी चढून-उतरून पळत आला होता. एसजीओटी यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. उतार उतरताना स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि ते रक्तात येतं. स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके केलं, तेही हजारांत होतं. जीजीटी, जे स्नायूंतून येत नाही, ते अगदी नीट. आठ दिवस विश्रांती घेऊन रक्त पुन्हा तपासलं आणि सगळं जागेवर आलं. अशा वेळी लघवी काळपट, कोकसारखी झाली असती तर मात्र मी त्याला त्याच क्षणी रुग्णालयात पाठवलं असतं. हे प्रत्येक धावणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

काकूंच्या लाल ठिपक्याकडे परत येते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये एका अवस्थेची व्याख्या केली: खेळाडू जेवढी ऊर्जा खर्च करतो तेवढी ताटात नसेल, तर शरीर एकेक खातं बंद करत जातं. पाळी थांबते, हाडं विरळ होतात, प्रतिकारशक्ती घटते, मन खचतं. मुलांमध्येही हे होतं, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी उघड खूण नसते. तीन महिने ठिपका आला नाही, तर ती धोक्याची घंटा आहे. बाजारातलं कुठलंही महागडं यंत्र इतक्या स्वच्छपणे ती वाजवत नाही. अजूनही मी प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकते, "पाळी गेली, म्हणजे सराव कसून चाललाय." हे ऐकलं की मला झोप लागत नाही. त्या मुलीला पंचविशीत म्हातारीची हाडं मिळणार असतात.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण या व्यासपीठावरून बोललीच पाहिजे. आपल्या देशात खेळाडू मुलीच्या रक्ताचा इतिहास स्वच्छ नाही. तमिळनाडूची शांती सौंदरराजन २००६ च्या दोहा एशियाडमध्ये आठशे मीटरचं रौप्य जिंकली. लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं गेलं, आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंदला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी संघातून वगळलं गेलं, तिच्या रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवरून. ती लढली, आणि जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादानं टेस्टोस्टेरॉनविषयीचा तो नियम स्थगित केला. या दोघींच्या रक्तावर त्यांच्याआधी इतरांची मालकी झाली. म्हणून माझ्या दवाखान्यात नियम आहे: रिपोर्ट आधी मुलीच्या हातात. ती अठराच्या आत असेल तर आईच्या समोर, पण तिच्याच हातात. प्रशिक्षकाला काय सांगायचं ते ती ठरवणार. घड्याळाचंही तसंच. संस्थेनं दिलेल्या घड्याळातले रात्रीचे ठोके, पाळीच्या तारखा, झोप, ही सगळी माहिती कुणाच्या फोनवर जाते आणि निवडीच्या बैठकीत कोण उघडतं, हे विचारायचा हक्क सोळा वर्षांच्या मुलीलाही आहे. विचारलं म्हणून तिला 'आगाऊ' ठरवू नका.

मला या सभागृहातल्या क्रीडाप्रेमी दात्यांकडे एक मागायचं आहे. पंधरा हजारांचं घड्याळ एका मुलाला बक्षीस देण्याऐवजी तेवढ्यात वीसेक मुलींचं सीबीसी आणि फेरिटिन करता येईल, हंगामाच्या आधी. पुन्हा चार महिन्यांनी करावं लागेल, तेव्हा दुसरा दाता शोधू. आणि प्रत्येक मैदानावर एक बाई हवी, जिला मुली सगळं सांगू शकतील. तिला मानधन द्या. काकूंना ते कधी मिळालं नाही.

वहीतलं माझं पान ऑगस्टच्या शेवटाशी येतं. लोहाची औषधं सुरू झाली होती, सरांनी धावणं बंद करून मला फेऱ्या मोजायच्या कामाला बसवलं होतं. सप्टेंबर: ७०. ऑक्टोबर: ६६, आणि पुढे लिहिलंय, "टेकडीपर्यंत चालली. दम नाही लागला असं म्हणते." डिसेंबरमध्ये ६०. जानेवारीच्या नवव्या तारखेला ५७ आहे, त्याभोवतीही सरांनी वर्तुळ काढलंय, आणि शेजारी तोच शब्द आहे. मला तो दिवस आठवतो. थंडी होती, मी पोत्यावरून उठून बसले होते. सर वही मिटत म्हणाले, "काय गं, आज पळावंसं वाटतंय का?"